माणशी एक डॉलर : नाइट्स ऑफ कोलंबस या विमा-मंडळाची कुळकथा

हप्तेबंद

अमेरिकेत राहणाऱ्या इथल्या मंडळींनी चर्चच्या मिरवणुकीत खांद्यावरून पट्टा, कमरेला तलवार अशा थाटात उभे असलेले काका-आजोबा पाहिले असतील. पूर्वी डोक्यावर पिसांची टोपीही असायची. २०१७ मध्ये ती काढून साधी बेरे टोपी आणली, तेव्हा त्यांच्यात बरीच धुसफूस झाली म्हणे. हे नाइट्स ऑफ कोलंबस. बघणाऱ्याला वाटतं, चर्चचं एखादं हौशी पथक असेल. प्रत्यक्षात ही आयुर्विमा विकणारी दांडगी संस्था आहे. डोक्यावर शंभर अब्ज डॉलरहून जास्त विम्याची जबाबदारी, सभासद वीस लाखांच्या घरात.

माझा जन्म विम्याच्या धंद्यात गेला, त्यामुळे तलवारींपेक्षा मला यांच्या चोपड्यांत जास्त रस. म्हणून हा धागा.

गोष्ट कनेक्टिकट राज्यातली. मायकल मॅकगिव्हनी हा वॉटरबरी गावातला आयरिश कामगाराचा पोरगा, जन्म १८५२ चा. बाप पितळेच्या कारखान्यात ओतारी. तेरा भावंडांत हा थोरला, त्यातली सहा लहानपणीच गेली. हा स्वतः तेराव्या वर्षी कारखान्यात चमचे बनवायच्या खात्यात लागला. पुढे धर्मगुरू व्हायचं म्हणून सेमिनरीत गेला, तर १८७३ मध्ये बाप वारला आणि शिक्षण सोडून घरी यावं लागलं. बिशपांनी मदत केली म्हणून बाल्टिमोरला जाऊन शिक्षण पुरं करता आलं. १८७७ मध्ये दीक्षा झाली आणि न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली.

आता तिथल्या आयरिश वस्तीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पुरुष कारखान्यात, रेल्वेत, बांधकामावर. अपघात, क्षय, न्यूमोनिया. कमावता गेला की घरात दमडी नाही. आणि नुसती गरिबी असती तर एक वेळ निभावलं असतं, पण मुलांचा सांभाळ कोण करणार हे कोर्टाला दाखवावं लागे. कुणी पालक उभा राहिला नाही, तर पोरं घराबाहेर जाण्याची पाळी. डाउन्स नावाच्या घरावर हेच आलं, तेव्हा त्यांच्या आल्फ्रेड या मुलासाठी फादर मॅकगिव्हनी स्वतः कोर्टात पालक म्हणून उभे राहिले. सहायक धर्मगुरू अशी किती घरं अंगावर घेणार?

२ ऑक्टोबर १८८१ ला त्यांनी सेंट मेरीजच्या तळघरात मोजकी माणसं जमवली. त्याच सुमारास बॉस्टनला जाऊन तिथल्या कॅथलिक ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्सची आणि ब्रुकलिनला कॅथलिक बेनेव्होलंट लीजनची व्यवस्था बघून आले. पहिला बेत फॉरेस्टर्सची एखादी शाखा इकडे काढायचा होता. तो जमला नाही, तेव्हा स्वतःचंच मंडळ काढलं. २९ मार्च १८८२ ला कनेक्टिकटच्या विधिमंडळाने सनद दिली. फादरांना 'सन्स ऑफ कोलंबस' हे नाव हवं होतं. पण जेम्स मलन हा यादवी युद्धात लढून आलेला गडी, त्याने 'नाइट्स' सुचवलं आणि तोच पहिला सर्वोच्च नाइट, म्हणजे मंडळाचा प्रमुख, झाला. फादर स्वतः सेक्रेटरी, म्हणजे पत्रव्यवहार आणि हिशेब त्यांच्या गळ्यात.

आता मुद्द्याचं, योजना.

सभासद वारला की विधवेला १,००० डॉलर. पैसे आणायचे कुठून? प्रत्येकाने एक डॉलर काढायचा. सभासद हजाराच्या वर गेले की माणशी वर्गणी त्या प्रमाणात उतरणार. आजारी पडून काम बुडालं तर आठवड्याला ५ डॉलरपर्यंत, १३ आठवडे. त्यापुढेही माणूस अंथरुणातच असेल तर किती द्यायचं ते त्याच्या स्थानिक शाखेने ठरवायचं. मजुराला दिवसाला दीड डॉलरच्या आसपास मिळत होता, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचा. हजार डॉलर म्हणजे दोनेक वर्षांची मजुरी.

एवढं सोपं की पोस्टकार्डावर मावेल, आणि विम्याच्या माणसाला वाचूनच घाम फुटेल.

का ते सांगतो. समजा हजार सभासद, बहुतेक पंचविशी-तिशीतले. वर्षाला आठ मृत्यू झाले तर प्रत्येकाला वर्षाचे आठ डॉलर पडले. चालून गेलं. वीस वर्षांनी तेच लोक पन्नाशीकडे झुकले, नवीन भरती कमी पडली, वर्षाला वीस मृत्यू. वर्गणी वीस डॉलर. आता बावीस वर्षांचा पोरगा आत यायला तयार होईल का? पन्नाशीच्या काकांइतकीच वर्गणी त्यानेही भरायची, आणि त्याची मरायची पाळी यायला अजून चाळीस वर्षं. तो बाहेर राहतो. आत असलेल्यांतले तरणे बाहेर पडतात. उरलेल्यांचं सरासरी वय आणखी चढतं, वर्गणी आणखी चढते. आमच्या धंद्यात हे चक्र सगळ्यांना पाठ असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशी वर्गणी-मंडळं गावोगाव निघाली आणि कितीतरी याच चक्रात बुडाली.

हे मंडळ का तरलं, तर माझ्या मते दोन कारणांनी. एक, भरतीचा ओघ आटला नाही. दोन, त्यांनी वेळेत गणितापुढे मान तुकवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एडवर्ड हर्न सर्वोच्च नाइट असताना, सरसकट वर्गणी सोडून सभासद होतानाच्या वयाप्रमाणे ठरणारा आणि पुढे न बदलणारा हप्ता आणि त्यातून साठणारी गंगाजळी या रस्त्याला ते लागले. 'आम्ही सगळे भाऊ, सगळ्यांना सारखं' असं म्हणणाऱ्या मंडळाला हे पटवणं सोपं नसणार. तरुणावर अन्याय होतोय हे कागदावर दिसतं, पण सभेत उठून बोलायला गेलं की तो हिशेबी आणि स्वार्थी ठरतो.

फादर मॅकगिव्हनींनी हे काही पाहिलं नाही. १४ ऑगस्ट १८९० ला न्यूमोनियाने गेले. वय ३८. ऑक्टोबर २०२० मध्ये चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

---

रानजाई

वाचतेय. एक शंका. नुसता विमाच काढायचा होता तर एवढा शपथा-पायऱ्या-तलवारींचा थाट कशाला? आणि तोही चर्चमध्ये?

---

हप्तेबंद

रानजाई, हा प्रश्न येणार याची खात्री होती.

त्या काळच्या अमेरिकेत विमा आणि लॉज, म्हणजे शपथा-विधी पाळणाऱ्या बंधु-मंडळाची शाखा, ही जोडगोळीच होती. एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन नावाचं मंडळ १८६८ मध्ये निघालं आणि त्यांनी लॉजच्या सभासदांना मृत्यूनंतर पैसे द्यायची पद्धत लोकप्रिय केली. ऑड फेलोजसारखी मंडळं आजारपणात पैसे देत. कामगाराला यात शिरायचा मोह व्हायचाच. पण फ्रीमेसनांची गुप्त मंडळं कॅथलिकांना पोपने १७३८ पासून वर्ज्य केलेली, आणि त्या धाटणीच्या बाकीच्या लॉजेसकडेही चर्च संशयाने बघायचं. म्हणजे चर्चचं ऐकायचं तर बायकोपोरं उघड्यावर, आणि त्यांची सोय करायची तर चर्चचा रोष. फादरांनी ही कोंडी फोडली. लॉजचा सगळा थाट ठेवला, फक्त धर्मगुरूपासून लपवायचं असं काही ठेवलं नाही.

थाटाचा धंद्याच्या बाजूने फायदाही असतो. दर महिन्याला सभेला येणारा माणूस दारू पितो का, खोकतो का, खोटं आजारपण सांगतो का, हे शाखेतल्या भावांना आपोआप कळतं. आठवड्याला पाच डॉलर फुकट खाणाऱ्याला शोधायला तपासनीस नेमावा लागत नाही. आजच्या कंपन्या याच कामावर केवढा खर्च करतात.

---

कोरा_कागद

पण मग त्या काळी साध्या विमा कंपन्या नव्हत्या का? अमेरिकेत होत्या की.

---

हप्तेबंद

होत्या, पण मोठ्या पॉलिसी मध्यमवर्ग आणि त्याच्या वरच्यांसाठी. कामगारांसाठी प्रुडेन्शियल १८७५ मध्ये न्यूअर्कला निघाली. तिचा एजंट दर आठवड्याला दारात येऊन काही सेंट घेऊन जायचा. त्या पैशात रक्कम जेमतेम अंत्यविधीपुरती मिळे. घरोघरी हिंडणाऱ्या एजंटचा खर्च हप्त्यातूनच निघणार ना. लॉजमध्ये वसुलीचं काम सभासदच फुकट करायचे, म्हणून त्याच पैशात जास्त रक्कम देता येई.

---

पापडीकर

छान धागा हप्तेबंद. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे फादरांनी काढलेली पैशांची संस्था म्हटल्यावर आम्हाला त्यात नवल वाटत नाही. आमची बेसिन कॅथलिक बँक १९१८ ची. ती पण एका धर्मगुरूंनीच, मोन्सिन्योर मोनिस यांनी, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडवायला काढली. माझे आजोबा सांगायचे, पापडीला मिस्सा झाल्यावर आवारात गप्पा व्हायच्या त्या निम्म्या बाजारभावाच्या आणि निम्म्या कर्जाच्या.

फरक असा की आमच्याकडे सहकारी पतपेढीचा मार्ग धरला, तिकडे विम्याचा. याचं कारण काय असावं?

---

हप्तेबंद

पापडीकर, माझा अंदाज सांगतो. वसईच्या शेतकऱ्याला अडचण यायची ती बियाण्याच्या, लग्नाच्या, विहिरीच्या वेळेला. जमीन होती, हातात रोकड नव्हती. न्यू हेवनच्या ओताऱ्याकडे जमीनच नव्हती. त्याची मिळकत म्हणजे त्याचे दोन हात. ते गेले की सगळं संपलं. एकाला कर्ज हवं, दुसऱ्याला विमा.

मुंबईत धोबी तलावाच्या गोवेकरांच्या कुडींमध्येही अशीच थोडीफार व्यवस्था होती. बोटीवर जाणाऱ्या खलाशाला स्वस्तात पथारी, गावची माणसं, संध्याकाळी रोजरी. पण तिथे विम्याचं एवढं मोठं यंत्र उभं राहिलं नाही.

बाकी परस्पर तत्त्वावरचा विमा आपल्याकडेही जुना. बॉम्बे म्युच्युअल १८७० ची. हिंदी माणसाचा विमा जादा हप्ता न लावता काढणारी पहिली संस्था म्हणून तिचं नाव घेतात. गोऱ्या कंपन्या आपल्या लोकांकडून जास्त घ्यायच्या.

---

गणूमामा

म्हणजे थोडक्यात ही तलवारधारी भिशी.

---

हप्तेबंद

मामा, भिशीत शेवटी प्रत्येकाचा नंबर लागतो आणि तो घ्यायला माणूस जिवंत असतो :)

---

सॅम_न्यूहेवन

मी इथेच राहतो म्हणून लिहितो. यांचं मुख्यालय डाउनटाउनमध्ये आहे. २३ मजली इमारत, चार कोपऱ्यांवर चार जाडजूड गोल बुरूज, १९६९ ची. वास्तुरचनाकार केव्हिन रोश. हायवेवरून शहरात शिरताना ती चुकत नाही. सेंट मेरीज चर्च हिलहाउस अव्हेन्यूवर, येल विद्यापीठाच्या पोटातच. फादर मॅकगिव्हनींची समाधी आता त्या चर्चमध्ये आहे. आधी ते वॉटरबरीला घरच्या दफनभूमीत होते, शताब्दीला १९८२ मध्ये इकडे आणले.

शहरात इटालियन वस्तीच्या वूस्टर चौकात कोलंबसाचा पुतळा होता, तो २०२० च्या जूनमध्ये काढला. तेव्हा चौकात दोन्ही बाजूंची गर्दी जमली होती.

---

रानजाई

सॅम, पुतळ्याचा विषय काढलात ते बरं केलंत. कोलंबस कशाला पण? हा माणूस कॅरिबियनमध्ये काय करून गेला ते आता सगळ्यांना माहीत आहे. विधवांना मदत करणाऱ्या संस्थेला हेच नाव सुचावं?

---

हप्तेबंद

१८८२ मध्ये ते अगदी हिशेबाने निवडलेलं नाव होतं. १८५० च्या दशकात 'नो नथिंग' पक्षाने कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध रान उठवलेलं लोकांच्या आठवणीत ताजं. तुम्ही पोपचे गुलाम, तुम्ही खरे अमेरिकन नाही, हे रोजचं ऐकणं. त्यावर यांचं उत्तर : या भूमीवर पहिलं पाऊल ठेवणारा कॅथलिक होता, तुमचे प्युरिटन तर सव्वाशे वर्षांनी आले. आणि गंमत बघा, सगळे सभासद आयरिश असून नाव सेंट पॅट्रिकचं घेतलं नाही. आयरिश नाव घेतलं असतं तर इटालियन, जर्मन, पोलिश कॅथलिक आलेच नसते, आणि भरती थांबली की वर सांगितलेलं चक्र सुरू. पहिल्या शाखेचं नावही सान साल्वादोर, कोलंबस पहिल्यांदा उतरला त्या बेटाचं.

त्या नावाखाली कुणाचे बळी झाकले गेले हा प्रश्न त्या तळघरातल्या माणसांच्या मनाला शिवला नसणार. आज तो शिवायला हवा, यात मी तुमच्या बाजूने आहे. संस्था मात्र नाव बदलायला तयार नाही. कोलंबस दिनाच्या सुट्टीसाठी त्यांनी राज्याराज्यांत खटपट केली होती. कोलोरॅडोने ती १९०७ मध्ये सर्वात आधी दिली.

---

अक्काबाई

काळ्या कॅथलिकांना घेत होते का हो हे 'बंधू'? की बंधुभाव रंग बघून?

---

हप्तेबंद

रंग बघून, अक्काबाई. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त टोचतं. नव्या उमेदवारासाठी गुप्त मतदान व्हायचं. पेटीत पांढरा किंवा काळा गोळा टाकायचा आणि थोडेसे काळे गोळे पडले की नाव बाद. कुणी टाकले, का टाकले, विचारायचं नाही. दक्षिणेतल्या काळ्या कॅथलिकांनी वाट बघून शेवटी १९०९ मध्ये अलाबामातल्या मोबिल शहरात नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर ही वेगळी संस्था काढली. ती आजही चालू आहे.

पुढे १९६३ मध्ये शिकागोत नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाच्या एका काळ्या पदवीधराला असंच गोळे टाकून नाकारलं, तेव्हा शाखेच्या काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि वर्तमानपत्रांत गवगवा झाला. १९६४ मध्ये नियम बदलला. एखाद्याला नाकारायचं तर हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश मतं विरोधात हवीत. पंचावन्न वर्षं उशीर झाला होता.

ज्या यंत्रणेचं मी वर कौतुक केलं, की शाखेतली माणसं एकमेकांना ओळखून असतात, तिचीच ही दुसरी बाजू. भाऊ कोण हे जिथे भाऊच ठरवतात, तिथे नको तो माणूस बाहेर ठेवायला कारण द्यावं लागत नाही.

---

अक्काबाई

आणि बायका? सगळं विधवेच्या नावाने चाललंय, पण सभासद बाप्येच.

---

हप्तेबंद

बरोबर. आजही सभासद १८ वर्षांवरचे कॅथलिक पुरुषच. बायकांनी वाट न बघता आपली मंडळं काढली. पेनसिल्व्हेनियात १८९० मध्ये लेडीज कॅथलिक बेनेव्होलंट असोसिएशन निघालं. बायकांचा विमा, तोही बायकांनी चालवलेला. तो एक स्वतंत्र धागा होईल, तुम्हीच काढा.

---

कोरा_कागद

मला यातला करमाफीचा भाग कळत नाही. एवढी गडगंज विमा कंपनी आणि आयकर नाही? हे कसं काय?

---

हप्तेबंद

अमेरिकेच्या कायद्यात बंधुभाव-लाभ संस्था असा वेगळा प्रकार आहे. अटी दोन. लॉज पद्धतीने शाखा, सभा, विधी चालले पाहिजेत, आणि सभासदांना वा त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना आयुष्य, आजार, अपघात यांचे लाभ दिले पाहिजेत. हे जमलं तर केंद्राचा आयकर माफ. तलवारीचा थाट का टिकला याचं एक उत्तर इथेही आहे. लॉज मोडलं की माफी गेली.

टीका होते आणि ती अगदीच पोकळ नाही. विम्यातून वाचलेला पैसा मंडळाच्या कामाकडे जातो आणि त्यात दानधर्माबरोबर राजकारणही येतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला यांनी दहा लाख डॉलरहून जास्त दिले. विमा काढणाऱ्या प्रत्येकाला ते पटलंच असेल असं नाही.

उलट बाजूही सांगतो. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये मतदान घेऊन कायदा केला की मुलांनी सरकारी शाळेतच जायचं. त्यामागे कू क्लक्स क्लॅनचा जोर होता, कॅथलिक शाळा बंद पाडायचा डाव. नन्सच्या संस्थेने कोर्टात धाव घेतली आणि त्या लढ्याला नाइट्सनी पैसा पुरवला. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने रद्द केला. पालकांच्या हक्कांवर अमेरिकेत आजही त्या निकालाचा दाखला देतात.

---

सॅम_न्यूहेवन

पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी यांनी तंबू-झोपड्या उभारल्या होत्या, त्यांवर पाट्या असायच्या. 'सगळ्यांचं स्वागत, सगळं फुकट.' कुठल्या धर्माचा, कुठल्या रंगाचा हे तिथे विचारत नसत. आणि त्याच वेळी स्वतःच्या शाखांमध्ये काळे गोळे चालूच. माणसं अशीच असतात बहुधा.

---

गणूमामा

हप्तेबंद, त्या गंगाजळीचं पुढे काय केलं? एवढा पैसा नुसता बँकेत तर ठेवला नसेल.

---

हप्तेबंद

मामा, घरकर्जं, रोखे, इमारती. विमा संस्था करतात तेच. गमतीचं एक सांगतो. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचा मालक बदलला, आणि त्या व्यवहारात स्टेडियमखालची जमीन २५ लाख डॉलरला नाइट्स ऑफ कोलंबसने घेतली. वर बेसबॉल, खाली भाडं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराने ती सक्तीने संपादित करेपर्यंत जमीन यांच्याकडेच होती.

---

गणूमामा

म्हणजे बेसबॉलवीर बेब रुथच्या मैदानाचं भाडं आयरिश विधवांना!

---

हप्तेबंद

तोवर त्यांच्यात इटालियन, पोलिश, फिलिपिनो सगळ्याच विधवा आल्या होत्या. आणि रुथचं म्हणाल, तर तो स्वतःही नाइट्सचा सभासद होता.